खोडदची दुर्बीण आणि आपल्या कपाटातला स्विच

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ, खोडदला, जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. दुर्बीण एक, पण तिच्या अँटेना ३० आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतल्या १४ साधारण एक चौरस किलोमीटरच्या परिसरात जवळजवळ आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर शेताशिवारांत पसरल्या आहेत. टोकाच्या दोन अँटेनांमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर भरतं. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवतं. या तिसांची मिळून एक दुर्बीण व्हायची तर प्रत्येकीचा निरोप मुख्य इमारतीत वेळेवर आणि दुसरीच्या निरोपात न मिसळता पोचला पाहिजे.

हे निरोप दोन प्रकारचे असतात. पहिला म्हणजे आकाशातून आलेला संकेत. तो प्रत्येक अँटेनाकडून प्रकाशतंतूतून, म्हणजे काचेच्या केसासारख्या बारीक धाग्यातून, खोडदला येतो आणि तिथे त्याचे आकडे होतात. नूतनीकरणानंतर ही दुर्बीण एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा टिपते. त्यासाठी सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. एक नमुना चार बिटांत मांडला तरी सेकंदाला ३२० कोटी बिट होतात. प्रत्येक अँटेनाचे संकेत दोन आणि अँटेना तीस, म्हणजे सगळे मिळून सेकंदाला १९२ गिगाबिट. आकडे करणाऱ्या पाट्यांकडून हा लोंढा संगणकांकडे जातो तो दहा गिगाबिट वेगाच्या इथरनेटवरून.

दुसरा प्रकार अगदी किरकोळ आकाराचा आहे. अमुक अँटेना तमुक कोनात वळव, वाऱ्याचा वेग सांग, वारा फार वाढला आहे तर तबकडी सुरक्षित स्थितीत आण. नूतनीकरणात या आज्ञांसाठीही प्रत्येक अँटेनापर्यंत इथरनेट नेलं गेलं. त्यांचा आकार त्या लोंढ्यापुढे नगण्य, पण वादळी वाऱ्यात तबकडी वळवण्याची आज्ञा अडकली तर लोंढ्याचं कौतुक कोणाला राहील?

जाळ्यात सगळ्यात जास्त जागा खाणारी वाहतूक आणि सगळ्यात महत्त्वाची वाहतूक या क्वचितच एक असतात. घोडेगावच्या शाळेत, मंचरच्या दवाखान्यात, ओतूरच्या पतसंस्थेत हेच घडतं. कॅमेऱ्यांची चित्रं अख्खं जाळं भरून टाकतात, आणि ज्या नोंदीवाचून खिडकीवरचा माणूस ताटकळतो ती नोंद असते दोन-चार ओळींची. या दोन्ही वाहतुका एकमेकींच्या वाटेत येऊ नयेत हे पाहणारं यंत्र म्हणजे नेटवर्क स्विच, कपाटातली हिरवे दिवे लुकलुकवणारी ती पेटी. ती हे कसं साधते ते आपण पायरीपायरीने पाहू.

सुरुवात तारेतून काय जातं यापासून करू. आपण एखादी फाइल पाठवली की ती सलग जात नाही, तिचे तुकडे होतात. अशा प्रत्येक तुकड्याला फ्रेम म्हणतात. एका फ्रेममध्ये साधारणपणे १५०० बाइटपर्यंत मजकूर मावतो. मजकुराच्या आधी दोन पत्ते असतात, आधी घेणाऱ्याचा आणि मग पाठवणाऱ्याचा. शेवटी चार बाइटांचा पडताळा असतो. वाटेत एखादा बिट जरी बिघडला तरी हा पडताळा जुळत नाही आणि ती फ्रेम टाकून दिली जाते.

हा पत्ता म्हणजे मॅक पत्ता, जाळ्याला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला कारखान्यातच दिलेला ४८ बिटांचा क्रमांक. आयपी पत्ता वेगळा. तो आपण किंवा राउटर देतो आणि तो बदलू शकतो. साधा स्विच फक्त मॅक पत्ता बघतो. हा फरक सुरुवातीलाच लक्षात ठेवला तर पुढचा बराच घोळ टळतो.

स्विच येण्याआधी काय होतं हेही जाणून घ्यायला हवं, कारण त्या काळाच्या खुणा अजून सापडतात. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत इथरनेटची बांधणी सुरू केली, तेव्हा सगळी यंत्रं एकाच केबलवर होती. एक बोललं की सगळ्यांना ऐकू जायचं. दोन एकदम बोलली की दोघांचंही बोलणं फुकट जायचं आणि थोडं थांबून पुन्हा बोलावं लागायचं. पुढे आलेला हब दिसायला आजच्या स्विचसारखा, पण वागायला त्या केबलसारखाच होता. एका दारातून आलेलं तो बाकी सगळ्या दारांतून बाहेर ओतायचा. यंत्रं वाढली की टक्करीच इतक्या व्हायच्या की कामाचं बोलणं मागे पडायचं.

हा कोंडमारा फोडणारा इथरनेट स्विच १९९० मध्ये बाजारात आणला तो ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने. तिच्या संस्थापकांपैकी एक विनोद भारद्वाज, आणि कंपनीचं नाव त्यांच्या पत्नीवरून ठेवलेलं. १९९४ मध्ये ती सिस्को कंपनीने विकत घेतली. आपल्या देशातल्या घराघरांत असलेलं हे नाव या यंत्राच्या जन्माशी जोडलेलं आहे, हे आपल्याकडच्या संगणकाच्या वर्गांतून फारसं सांगितलं जात नाही, सांगायला हवं.

आता स्विच आतून कसा वागतो ते पाहू. विजेला जोडताक्षणी त्याला कोणाचीच ओळख नसते. पहिल्या दारातून, म्हणजे पोर्टमधून, एक फ्रेम आली की तो आधी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि टिपून ठेवतो: अमुक मॅक पत्ता पोर्ट एकवर. हीच त्याची नोंदवही, म्हणजे मॅक तक्ता. ती कोणी भरून द्यावी लागत नाही, जो बोलेल त्याची नोंद आपोआप होते.

मग तो घेणाऱ्याचा पत्ता बघतो. तो तक्त्यात असला तर फ्रेम फक्त त्याच पोर्टने बाहेर जाते आणि बाकीच्या पोर्टांना तिचा पत्ताही लागत नाही. घेणारा ज्या पोर्टवर आहे त्याच पोर्टमधून फ्रेम आली असेल, तर ती पुढे पाठवायचं कारणच नसतं, म्हणून स्विच ती तिथेच थांबवतो. मुख्याध्यापकांच्या खोलीतला संगणक प्रिंटरशी बोलत असताना प्रयोगशाळेतले दोन संगणक आपसांत बोलू शकतात ते यामुळेच. शिवाय येणारी आणि जाणारी वाहतूक एकाच वेळी चालते, त्यामुळे जुन्या टक्करी उरत नाहीत.

पत्ता तक्त्यात नसेल तर? तर स्विच हबसारखा वागतो आणि ती फ्रेम आली ते पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांतून सोडतो. ज्याची असेल तो उत्तर देतो आणि उत्तर येताना त्याचा पत्ता टिपला जातो. नोंदी कायमच्या नसतात. बहुतेक स्विचमध्ये एखादं यंत्र ३०० सेकंद गप्प राहिलं की त्याची नोंद पुसली जाते. संगणक उचलून दुसऱ्या खोलीत लावला तरी चालतो, कारण तो तिथून बोलला की त्याची नोंद नव्या पोर्टवर होते.

काही फ्रेम मात्र मुद्दाम सगळ्यांसाठीच असतात. नवा संगणक सुरू झाला की तो विचारतो, ‘मला आयपी पत्ता कोण देणार?’ प्रिंटर शोधणारा विचारतो, ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ याला ब्रॉडकास्ट म्हणतात, जाळ्यातली दवंडीच ती. दवंडी सगळीकडे पोचवणं हे स्विचचं कर्तव्य आहे आणि तक्ता कितीही भरलेला असला तरी ते त्याला चुकत नाही. वीस-पंचवीस यंत्रांत ही दवंडी जाणवतही नाही. काहीशे यंत्रं एकत्र आली की प्रत्येकाला सारखं दुसऱ्यांच्या दवंड्यांकडे कान द्यावे लागतात.

इथून पुढे गोष्टी बिघडू लागतात, म्हणून इथे जरा थांबू.

सगळ्यात वाईट आणि सगळ्यात सोपी चूक म्हणजे फेरा, ज्याला लूप म्हणतात. साफसफाई करताना कोणाला एक केबल लोंबताना दिसते आणि ती सद्भावनेने रिकाम्या पोर्टमध्ये खोचली जाते. तिचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये, किंवा त्याला आधीच जोडलेल्या दुसऱ्या स्विचमध्ये असतं. आता एक दवंडी निघाली की ती फिरून परत येते, स्विच ती पुन्हा सगळीकडे सोडतो, ती पुन्हा परत येते. इथरनेट फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते. आयपी पाकिटांमध्ये प्रत्येक राउटरपाशी एक अंक कमी होत जातो आणि शून्यावर ते पाकीट मरतं. फ्रेमला तशी सोय नाही. क्षणात अख्खं जाळं ठप्प होतं.

हे ओळखायचं दिव्यांवरून. सगळ्या पोर्टांचे दिवे एकाच लयीत, न थांबता, वेड्यासारखे लुकलुकत असतील तर आधी फेऱ्याचा संशय घ्या. उपाय साधा आहे. दोन स्विचना जोडणाऱ्या, किंवा दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये असलेल्या, केबली एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी दिव्यांकडे पाहा. जिच्यामुळे लुकलुक थांबेल ती दोषी. स्विच बंद करून पुन्हा सुरू केल्याने काहीच साधत नाही, फेरा तिथेच असतो.

यावर कायमचा उपाय राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला, तो स्पॅनिंग ट्री. स्विच आपसांत छोटे निरोप पाठवून एक मूळ स्विच ठरवतात, आणि जिथे जिथे फेरा तयार होत असेल तिथली एक वाट मिटवून ठेवतात. चालू वाट तुटली की मिटलेली वाट उघडते. त्यामुळे दोन इमारतींमध्ये मुद्दाम दोन वाटा ठेवता येतात, एक कामाची आणि एक राखीव. पण साध्या, मांडणी न करता येणाऱ्या स्वस्त स्विचमध्ये ही सोय सहसा नसते. जिथे एकाहून जास्त स्विच आहेत तिथे निदान मधला तरी मांडणी करता येणारा, म्हणजे मॅनेज्ड स्विच घ्यावा. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे जागोजागी होणारी कोंडी. जुन्नर आणि आंबेगावमध्ये बिबट्याच्या भीतीने गोठ्यावर, शाळेच्या कुंपणावर, कारखान्याच्या फाटकावर कॅमेरे लागले आहेत, आणि ते लागायलाच हवेत. समजा १६ कॅमेरे आहेत आणि प्रत्येकाची चित्रं सेकंदाला सहा मेगाबिट. बेरीज ९६. मधली जोडणी १०० मेगाबिटची असली तर ती तिथेच भरली. स्विच जास्तीच्या फ्रेम थोडा वेळ आपल्या स्मृतीत थोपवून धरतो, पण ती जागा फार लहान असते आणि भरली की नव्या फ्रेम टाकल्या जातात. मग चित्र अडखळतं, आणि त्याच जोडणीवर असलेल्या कार्यालयाचं कामही. दोन स्विचमधली जोडणी नेहमी इतरांपेक्षा जास्त वेगाची ठेवावी.

कधीकधी जोडणी गिगाबिटची असूनही १०० वरच चालते. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. टोकाला जॅक बसवताना एखादी तार नीट बसली नाही तर दोन्हीकडची यंत्रं मुकाट्याने कमी वेगावर येतात आणि सगळं ‘चालू’ दिसतं. स्विचवर वेगासाठी दिव्याचा वेगळा रंग असतो, तो बघायची सवय लावून घ्यावी.

कॅमेऱ्यांना वीजही बहुधा त्याच केबलमधून जाते, या सोयीला पीओई म्हणतात. तिच्या पहिल्या मानकात एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत वीज देता येते, पण संपूर्ण स्विचची एकूण मर्यादा वेगळी असते आणि ती खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेली असते. दिवसा सगळे कॅमेरे चालतात. रात्री त्यांचे अवरक्त दिवे लागले की विजेची मागणी वाढते, मर्यादा ओलांडते आणि एखाद-दोन कॅमेरे बंद पडतात. बिबट्या यायच्या वेळेलाच. कॅमेरे रात्रीच बंद पडत असतील तर कॅमेरा बदलण्याआधी ही बेरीज करून पाहा.

आता विभागणी. जाळं एक, पण कॅमेरे, कार्यालय आणि पाहुण्यांचं वायफाय एकमेकांपासून दूर ठेवायचे आहेत. तीन स्विच आणि तीनदा केबल असा एक मार्ग आहे. दुसरा आणि शहाणा मार्ग म्हणजे व्हीलॅन, एकाच स्विचमध्ये आखलेली आभासी जाळी. पोर्ट १ ते ८ कार्यालयाचे, ९ ते २० कॅमेऱ्यांचे, असं आपण स्विचला सांगतो, म्हणजे प्रत्येकाची आळी वेगळी. त्यानंतर कॅमेऱ्यांच्या आळीतली दवंडी कार्यालयाच्या आळीत ऐकू येत नाही. फेरा झाला तरी त्याचा सर्वाधिक तडाखा बहुधा त्याच आळीला बसतो.

दोन इमारतींत स्विच असतील तर सगळ्या आळ्यांची वाहतूक मधल्या एकाच केबलवरून न्यावी लागते. त्या जोडणीला ट्रंक म्हणतात. तिच्यावरून जाताना फ्रेमला सहसा चार बाइटांची चिठ्ठी लागते आणि तिच्यात आळीचा क्रमांक असतो. पलीकडचा स्विच चिठ्ठी वाचतो, काढून टाकतो आणि फ्रेम योग्य पोर्टकडे देतो. १९९८ मध्ये याचं मानक ठरलं, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विचही एकमेकांची चिठ्ठी वाचू शकतात. क्रमांकासाठी १२ बिट आहेत, त्यामुळे ४०९४ आळ्या करता येतात. आपल्याला तीन-चार पुरतात. उगाच दहा करू नयेत.

इथल्या चुका ठरलेल्या आहेत. नवी आळी तयार केली, पण ट्रंकवर तिला परवानगी द्यायची राहिली, तर एका इमारतीत सगळं चालतं आणि दुसऱ्या इमारतीत काहीच नाही. चिठ्ठीविना येणारी फ्रेम कोणत्या आळीची मानायची हे दोन्ही टोकांना वेगवेगळं ठरवलं, तर दोन आळ्या नकळत एकत्र होतात. बदल केला, पण तो कायम जतन करायचा राहिला, तर पुढच्या वेळी वीज गेली की सगळं पूर्ववत. आपल्याकडे वीज जाते, तेव्हा जतन करणं आधी आणि तपासणं नंतर.

वेगळ्या आळ्या एकमेकींशी बोलू शकत नाहीत, आणि तेच तर हवं असतं. पण व्यवस्थापकाला कार्यालयातून कॅमेऱ्यांची चित्रं बघायची असतील तर? त्यासाठी मध्ये राउटर किंवा राउटरचं काम करणारा स्विच लागतो. तिथे आपण नियम लिहायचा: कार्यालयातल्या या संगणकाने कॅमेऱ्यांच्या नोंदयंत्राशी बोलावं, कॅमेऱ्यांनी आपणहून कोणाशी बोलू नये. हा नियम लिहिलाच नाही तर राउटर बहुधा सगळ्यांना सगळीकडे जाऊ देतो. मग विभागणी कागदावर राहते.

आणखी एक त्रास विभागणीमुळे एका आळीपुरता राहतो. कोणीतरी घरचा जुना वायफाय राउटर आणून भिंतीतल्या पोर्टला लावतो. तो राउटरही आयपी पत्ते वाटू लागतो. निम्म्या संगणकांना खरे पत्ते मिळतात, निम्म्यांना भलतेच, आणि ‘कधी चालतं कधी नाही’ अशी तक्रार सुरू होते. मॅनेज्ड स्विचमध्ये पत्ते वाटण्याचा अधिकार एकाच पोर्टला देता येतो. तो जरूर द्यावा.

तांब्याच्या केबलची लांबी १०० मीटरपर्यंतच ठेवायची असते. दोन इमारतींमध्ये ती आकाशातून ताणून नेली तर पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडली की दोन्हीकडचे स्विच जळू शकतात. इमारतींमध्ये प्रकाशतंतूच घालावा. त्यातून विजेचा धक्का वाहत नाही आणि किलोमीटरांचं अंतरही सहज जातं. खोडदच्या अँटेनांना तर त्यावाचून पर्यायच नाही.

खोडदला आणखी एक कारण आहे. शंभर मेगाबिट इथरनेटच्या तारेत सेकंदाला साडेबारा कोटी वेळा संकेत बदलतो. स्विचमधली घड्याळंही अशाच वारंवारतांवर चालतात आणि थोडी रेडिओऊर्जा बाहेर सांडतात. आपल्याला ती कळत नाही, पण दुर्बीण जे पट्टे ऐकते त्यांतच ती पडते, आणि दूरच्या आकाशगंगेतून येणारा संकेत तिच्यापुढे अत्यंत क्षीण असतो. म्हणून तिथे अशी यंत्रं धातूच्या बंदिस्त कपाटांत ठेवावी लागतात आणि पाहुण्यांना मोबाइल बंद ठेवायला सांगतात. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, तिथे प्रदर्शन भरतं, तेव्हा मुलांना घेऊन जरूर जावं.

शेवटी एक विनंती. आपल्या संस्थेच्या स्विचचं कपाट एकदा उघडा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना पट्टी चिकटवा, कोणतं पोर्ट कोणत्या खोलीचं आणि कोणत्या आळीचं हे एका कागदावर लिहा आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून लावा. स्विचचा पासवर्ड बसवून देणाऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये राहू देऊ नका. लिफाफ्यात बंद करून संस्थेच्या तिजोरीत ठेवा.